चावी रोह्याला निघाली

पेण स्टँडवर रोह्याच्या गाडीची रांग. माझ्या पुढे मुलींच्या रिमांड होममध्ये स्वयंपाक करणाऱ्या रंभाबाई आणि त्यांची शेजारीण पारी.

"परवा आमच्याकडे आगीची मॉकड्रिल झाली गो. भोंगा वाजला, चाळीस पोरी दाराशी धावल्या, आणि दाराला कुलूप."

"चावी?"

"आमच्या मोठ्या साहेबांच्या खिशात. साहेब बाहेरून कुलूप घालून रोह्याला, सुरक्षेच्या मिटिंगला."

"फोन करायचा."

"केला ना. म्हणाले, खरी आग नाय ना? मग मी येईपर्यंत चालू ठेवा."

"आणि फायरवाले?"

"ते ड्रिल घ्यायला सकाळीच आत आलेले, ते पण आतच अडकले. दोन तास पोरींबरोबर कॅरम खेळले. हरले."

"मग?"

"फायरवाल्या साहेबांनी कॅरमवरच कागद ठेवून लिहिलं, आग खरी असती तर सगळे गेलो असतो, मी धरून. आमचे साहेब आल्यावर खाली त्यांची सही घेतली. आता चावी आतल्या माणसाकडे. वर्षभर मी तेच मागत होते, कोण ऐकत नव्हतं. ही बघ, मंगळसूत्रातच ओवलीय."

"रंभे, तू साखरपुड्याला रोह्याला चाललीस."

"व्हय."

"आणि तिकडं पोरी कुलपात. चल, परत फिर आधी."

"रांग सोडू नको. कुलूप पण आणलंय, पिशवीत हाय."

"अगो, मग पळतील ना सगळ्या."

"आज पोरींना जेवायला कोलंबी हाय. माझ्या हाताखालची दर्शना दारातच सोलत बसलीय. तिला ओलांडून कोण पळतंय?"