आपल्याच रसातली सोलं

मंडळी, आज एकच प्रश्न. माणसाचा स्वतःचा आवाज राहतो कुठं? गळ्यात? मग सर्दी झाली की जातो कुठं? हसू नका अण्णा, तुम्हालाच विचारतोय! बरं, राहू दे. गोष्टच ऐका.

कुडाळजवळच्या एका वाडीत कृपाली राऊळ नावाची मुलगी. गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम विसरावं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गेली. तिथं रीत काय? नावाजलेल्या गायिकांची गाणी हुबेहूब म्हटली, की परीक्षक खुर्ची सोडून उभे! कृपाली दर आठवड्याला निराळी बाई व्हायची. स्पर्धेत दुसरा नंबर आला. आणि एका कंपनीनं सांगितलं — तुझा पहिला अल्बम काढू. सोल-पॉप!

आता सोल म्हणजे काय म्हणाल, तर आत्मा. आत्म्यातून गायचं. आम्ही इथं कीर्तनात चाळीस वर्षं तेच सांगतोय, पण इंग्रजीत नाही ना सांगितलं — म्हणून आमचा अल्बम राहिला!

तर मुंबईत स्टुडिओ. काचेची खोली, भिंतींना गाद्या, थंडगार. संगीतकार सायमन डिमेलो, शांत माणूस. त्यानं डोळे मिटून ऐकलं नि म्हणाला, "सुरेख. पण ही कोण गातेय? मला कृपाली हवी आहे." ती पुन्हा गायली — दुसरीच कुणीतरी. तीन दिवस हेच. शेवटी म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत बघू. नाही जमलं तर कंपनी ही गाणी दुसऱ्या मुलीला देणार. ते माझ्या हातात नाही."

बघा मंडळी! सगळ्यांना आवडलेला गळा, आणि त्यात आपण स्वतःच नाही! जिन्यात बसून तिनं आईला फोन लावला.

आई म्हणजे प्रमिलाबाई. मे महिना. खळ्यात रातांबे फोडून सोलं — तुमच्या आमटीतली आमसोलं हो — वाळत घालायचं काम चाललेलं. कोपरापर्यंत हात लाल.

"आई, माझा सोलचा अल्बम अडकलाय गो."

"सोलांचो? गाण्यात सोलां कित्याक?"

आता काय सांगायचं या माउलीला? कृपाली रडत होती, तरी हसली. म्हणाली, "असू दे. रंगच चढत नाही बघ."

आई आपली कामातलंच बोलली. "भायरचो रंग सोलांक लागना नाय, बाय. त्येंच्याच रसात बुडवूची, सुकवूची, परत त्याच रसात बुडवूची. घाई केलंस तर फिकी रवतत."

फोन संपला. कृपाली तशीच बसून राहिली. डोळे मिटले तर समोर खळं — उन्हात पसरलेली लाल सालं, गरम वारा, आंबूस वास, आणि आई काहीतरी गुणगुणतेय. शब्दसुद्धा नाहीत त्याला.

दुसऱ्या दिवशी सायमनला म्हणाली, "सर, त्या मोठ्या गायिकांची नमुन्याची गाणी मला ऐकवणं बंद करा. माझंच कालचं गाणं माझ्या कानात लावा." दिवे मंद केले. स्वतःचं ऐकायचं, त्यावर गायचं. ते नवं ऐकायचं, परत गायचं. एकेक उसनी बाई उतरत गेली. झोप की जाग, तिचं तिला कळेना. दुपार कधी कलली कुणास ठाऊक. आवाज जरासा खरखरला, शब्दांत वाडीचा हेल आला — आणि तिनं तो पुसला नाही. काचेपलीकडे सायमन उठून उभा राहिला. रेकॉर्डिंग तेवढं चालू ठेवलं.

अल्बम निघाला. शेजारच्या सुनेनं तो पडवीत मोबाइलवर लावला, प्रमिलाबाईंना न सांगता. त्या आत भाकरी थापत होत्या, पाठमोऱ्या. स्पर्धेच्या वेळी स्वयंपाकघरातून दर वेळी विचारायच्या, "ह्यातली आमची खंयची?" — म्हणजे कुठली? आज पहिली ओळ आली, आणि त्या मागे न बघताच म्हणाल्या, "इलंस गो बाय? हात पिठाचे आसत माजे, दार लोटून ये."

मंडळी, परीक्षक उभे राहिले ते सोडा. आईनं ओळखलं! आता मला सांगा — रोज आरतीला उभे राहता, ते कुणाच्या आवाजात? शेजाऱ्याच्या? लाउडस्पीकरवरच्या बुवांच्या? आत गाभाऱ्यात तो देव बिचारा कान देऊन बसलाय, विचारतोय, ह्यातलो आमचो खंयचो?

पेटीवाले, थांबा जरा. टाळ खाली ठेवा. घोगरा असेल, फाटका असेल, असू दे. डोळे मिटा, आणि ज्यानं त्यानं आपल्या गळ्यानं एकदा त्याचं नाव घ्या.