मास्क आणि मेणबत्ती

— नको, नको, ती पिशवी परत घे आधी. कॉफी आहे ना? वासावरून कळलं मला, आणि खाली चॉकलेटचा डबा. इटलीहून येणारं प्रत्येक माणूस हेच आणतं, आणि आम्ही घेतो गं, नाही कशाला म्हणू, या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर घेतात, चौतीस वर्षांत मी किती डबे घरी नेले असतील देव जाणे — पण हा नाही घेणार. का म्हणजे? असंच. दमलेय मी. बस इथे, बाक ओला नाहीये, आत्ताच पुसलाय. गाडीवाल्याची काळजी करू नकोस, शवागाराचे कागद यायला अर्धा तास लागतो हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तो बघ फाटकाशी सिगरेट ओढत उभा आहे. तू सांदा. हो, सांगायला कशाला हवं, नाक तर अगदी तुझ्या आईचंच आहे. काल तू आलीस तेव्हा मी पुढे यायला हवं होतं. होते मी तिथेच, वॉर्डातच होते. औषधांच्या कपाटामागे बाटल्या लावत होते — लावायच्या काही नव्हत्या, आपल्या उगाच लावत होते.

हो. होती. मेणबत्ती होती तिच्या हातात. खरी, मेणाची, पेटलेली. हेच विचारायचं होतं ना? मग झालं तर. गावात गेल्या गेल्या बायका फाटकातच गाठतील तुला, आपल्याकडे माणूस कशानं गेलं ते नंतर, आधी हातात उजेड होता का ते — तर सांग त्यांना, छातीठोकपणे सांग, माझी आई सफ्ता उजेडात गेली. कोणाची टाप आहे नाही म्हणायची. तुझे वडील रानात ओंडक्याखाली गेले ते तसेच, अंधारात, आणि त्या माउलीनं एकतीस वर्षं दर शनिवारी त्यांच्या नावानं चर्चमध्ये मेणबत्ती लावली, मला सगळं सांगितलंय तिनं, एकदा नाही दहादा — तिला त्याचीच धास्ती होती, मरणाची मुळीच नव्हती. तेवढं सांगितलं मी तुला. आता ऊठ, जा.

कोणी पेटवली म्हणजे? मी पेटवली. कशी म्हणजे — काडीनं. काडेपेटीतल्या काडीनं.

अशी बघू नकोस गं माझ्याकडे. हं. तू तिकडे म्हाताऱ्यांचंच करतेस नाही का. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या आया सांभाळतेस, ऑक्सिजनच्या बाटलीशेजारी झोपत असशील. दुसरी कुणी असती तर हे ऐकून माझ्या गळ्यात पडली असती, मेलं तुलाच बरोबर कळायचं होतं.

बरोबर आहे. ऑक्सिजन चालू असताना काडी ओढता येत नाही. वॉर्डाच्या दारावर ही एवढी मोठी पाटी आहे, आणि खाली पहारेकरी सगळ्यांच्या पिशव्या तपासून काड्या, लायटर, मेणबत्त्या काढून घेतो. पाद्री येतात तेसुद्धा न पेटवलेली मेणबत्ती घेऊन उभे राहतात, नाटकातल्यासारखे. मग ऑफिसातल्या कोणा शहाण्याला सुचलं, त्यानं बॅटरीवरच्या आणल्या — खाली बटण, वर प्लास्टिकची पिवळी ज्योत, ती लुकलुकते. प्रत्येक वॉर्डाला दोन-दोन. पहिल्या दिवशी तुझ्या आईला दाखवली तेव्हा इतकी हसली, इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. म्हणते, "पोरी, मेल्यानंतरचा तो रस्ता लांबचा, यातली बॅटरी किती वेळ टिकायची?" आणि मग माझा हात धरला. पकड होती हं तिची, गायी पिळणारा हात तो. म्हणाली, मला वचन दे. खरी लावशील. मी म्हटलं, लावीन आजी. आपण म्हणतो गं असं. दिवसातून वीस वेळा म्हणतो, होईल बरं, येतील डॉक्टर, लावीन हां. पण ती काही तशी सोडणारी नव्हती, उशीच्या खोळीतून स्वतःची मेणबत्ती काढून दिली मला. पहारेकऱ्याला चकवून आणली होती, मोज्यात घालून.

आणि तू रविवारी फोन केलास. आठवतंय ना काय म्हणालीस? "सिस्टर, बसमध्ये बसतेय, काहीही करा, मी येईपर्यंत आईला ठेवा." मी काय म्हणाले? म्हणाले, ठेवू. म्हणजे झाली की नाही दोन वचनं? बरं, दोन्ही पाळता आली असती. तू सोमवारी संध्याकाळी येणार होतीस, ती बरी होती तोवर, बरी म्हणजे मास्क लावून — मास्क काढला की ओठ निळे, लावला की परत माणसात. तू आलीस की तू स्वतः धरशील मेणबत्ती, डॉक्टर किरिलांना मी गळ घालीन, शेवटची पाच मिनिटं, ऑक्सिजनची चावी बंद करू, खिडकी उघडू. सगळं मनाशी ठरवून बसले होते. आणि तुमची बस हंगेरीच्या नाक्यावर अडकली. मला सांग, तो ड्रायव्हर कागद विसरतोच कसा? जाऊ दे. तुझा काय दोष त्यात.

मंगळवारी सकाळी डॉक्टर आले. चांगला माणूस आहे, पण एकटा, तीन मजल्यांना एकटा. नाडी पाहिली, म्हणाले, फुप्फुसं संपली, आता फक्त ऑक्सिजनवर. मी विचारलं, मुलगी दुपारी पोहोचतेय, तोवर? तर म्हणाले, ऑक्सिजन पूर्ण सोडून ठेवा, टिकेल कदाचित, मी काही देव नाही. आणि खालून बोलावणं आलं तसे गेले. अकरा वाजले असतील. मी खुर्ची घेऊन बसले तिच्याजवळ. सव्वाअकराला तिनं स्वतःच्या हातानं मास्क वर सारला आणि म्हणाली, "आता."

मी म्हटलं, आता नाही आजी, सांदा येतेय, रस्त्यात आहे, चार तास. मास्क परत लावला. तिनं परत काढला. मी म्हटलं, तुम्हाला लेकीला बघायचं नाही का? काय म्हणाली सांगू? राग नको मानू. म्हणाली, "तिची वाट बघायची मला सवय आहे. मरणाची नाही." रागानं नाही हं, दमून म्हणाली. मी तिला फसवायला बघितलं. हो, मी. ड्रॉवरमधून ती बॅटरीची काढली, बटण दाबलं, तिचे डोळे अर्धे मिटलेलेच होते, म्हटलं हिला काय कळतंय, हातात देते, मनाचं समाधान होईल, मास्कही राहील आणि वेळही निघेल. दिली हातात. तिनं बोटांनी चाचपली, वरपर्यंत, ज्योतीपर्यंत, आणि अंगठ्यानं ती ज्योत दाबून पाहिली. "गरम नाही," म्हणाली. एवढंच. आणि सोडून दिली, ती गडगडत पलंगाखाली गेली. लाज वाटली गं मला. अशी लाज मला नवऱ्यानं भर बाजारात हात उगारला होता तेव्हा नव्हती वाटली.

तुला वाटेल ही बाई अडाणी, देवभोळी. नाही गं. मी तर चर्चमध्ये ईस्टरलाच जाते, तेही बहिणीच्या तोंडाला लागायला नको म्हणून. पण करोनाच्या वर्षी याच वॉर्डात मी होते, ओळीनं माणसं गेली, कुणाच्या हातात काही नाही, धरायला हातमोज्यातलं बोटसुद्धा वेळेवर मिळालं नाही कित्येकांना, पिशवीत घातली आणि चेन ओढली. चेन मी ओढायचे. एक म्हातारा शेवटपर्यंत मूठ उघड-मीट करत होता, मी समजले पाणी मागतोय. पाणी पाजलं त्याला. घरी गेल्यावर कळलं काय मागत होता ते. तेव्हापासून मला — जाऊ दे. ते तुझ्या आईचं नाही, माझं आहे. आणि तेच तर विचारते मी स्वतःला, की मी तिच्यासाठी केलं की त्या म्हाताऱ्यासाठी.

चावी बंद केली. शेजारच्या खाटेवर कुणी नव्हतं. खिडकी उघडली, चादर झटकली, थांबले — पांघरुणात ऑक्सिजन बसलेला असतो ना, तुला माहीतच आहे, लगेच काडी ओढली तर दोघीही पेटलो असतो. दहा मिनिटं थांबले. घड्याळ बघत. मास्कशिवाय दहा मिनिटं. मला वाटलं त्यातच जाईल, मेणबत्ती लावायच्या आतच जाईल, आणि मी सगळंच घालवून बसेन. नाही गेली. काडी ओढली, मेणबत्ती पेटवून तिच्या मुठीत दिली, वरून माझी मूठ धरली. तिनं अंगठा वर नेला, चटका बसला तिला, आणि हसली बघ. म्हणून सांगते, उजेडात गेली ते खोटं नाही.

पण लगेच नाही गेली.

लगेच जाईल असं वाटलं होतं मला. सगळ्यांचं तसंच होतं, एक-दोन मिनिटं, एखादा लांब श्वास, संपलं. ही साडेबारापर्यंत होती. पाऊण तास. छाती अशी वर, अशी खाली, ओठ निळे, मग नखं निळी. आणि मास्क माझ्या दुसऱ्या हातात होता. ऐकतेयस ना? हातात होता. मेणबत्ती फुंकायची, चावी फिरवायची, मास्क लावायचा — अर्ध्या मिनिटाचं काम. मी विचार केला, फुंकली आणि नेमक्या त्याच क्षणाला गेली तर? मग विचार केला, नाही फुंकली आणि तिची लेक दारात आली तर? हेच, हेच, पाऊण तास. आणि काहीच केलं नाही. डॉक्टर म्हणतात, दुपारपर्यंत टिकायची नव्हतीच, तशीही गेलीच असती. ते सगळ्यांना तसंच सांगतात, चांगला माणूस आहे. पण जी बाई मास्कशिवाय पाऊण तास काढते ती मास्क लावून सव्वातीनपर्यंत नसती टिकली? सव्वातीनलाच आलीस ना तू? टिकली असती सांदा. चौतीस वर्षं हेच बघतेय मी. टिकली असती.

शेवटी काय म्हणाली? ते नको विचारूस. नको ना... बरं. तिनं विचारलं, "सांदा आली?" डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, आली. म्हटलं, ही काय, इथेच आहे. मग तिनं दुसरा हात पुढे केला, तेव्हा कुठे मी मास्क खाली ठेवला आणि हात दिला. कुरवाळत राहिली. म्हणाली, "किती खरखरीत झाले गं हात तुझे, फार काम करून घेतात का?" मी म्हटलं, नाही आई. आई म्हटलं मी. तुझा समजून माझा हात धरूनच निघून गेली ती.

रडू नकोस. नाही, रड, रड, मी कोण सांगणार तुला. काहीतरी बोल तरी. शिवी दे. काल तू "आई" म्हणून हाक मारलीस वॉर्डात, सगळ्यांनी ऐकली, मी कपाटामागे उभी होते.

कागदावर वेगळंच लिहिलंय, तेवढं ऐकून घे. लिहिलंय की ऑक्सिजन चालू असताना साडेबाराला गेली. मीच लिहिलंय, डॉक्टरांनी न वाचता सही केली, त्यांना यात ओढू नकोस. तिसरा मजला, जिना चढून डावीकडे, संचालकांची खोली. माझं नाव वेतुरिया, आडनाव त्यांना माहीत आहे. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतेय हे बघून गप्प बसू नकोस, तुला सांगावंसं वाटलं तर सांग. आणि नाही वाटलं तर गावाला जा आणि तिला नीट पोहोचव. दोन्हीपैकी काहीही कर, मी काही म्हणणार नाही. संचालक चारपर्यंत बसतात, अजून वीस मिनिटं आहेत. ऊठ. जा आता.