नवरीची हळद अन् आमची जीप

आमच्या जीपले हसता ना? मंग हे आयका. मी अन् सत्तारभाई, दोघंही ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले फिटर. भंगारातली जीप आम्ही घरासमोरच खोलून-जोडून उभी केली. बायको म्हणे, "म्हातारचळ लागला दोघायले!"

चिमूरले भाचीची हळद होती. बहिणीनं बजावलं होतं, "भाऊ, हळद घेऊन एसटीनंच या." आम्ही कुठचे आयकतो!

वरोऱ्याच्या पुढं रेडिएटर गळाले लागला. सत्तारभाई म्हणे, "मूठभर हळद टाकू, छेद बुजते."

"अन् नवरीले काय लावाचं?"

"मुठीनं काय कमी होते, भाऊ?"

एका मुठीनं भागलं नाई. पुडा रिकामा झाला, पण जीप थेट मांडवासमोर जाऊन थांबली.

बहीण म्हणे, "हळद कुठी हाय?"

सत्तारभाईनं मान खाली घालून बोनेट दाखवलं.

बहीण आधी लय भडकली. मंग घरातली हळद कालवून आणली, पयलं बोट बोनेटले लावलं अन् म्हणे, "हळद लागलेली पोरगी लगनाआधी घराबाहेर नाई निंगत. आता उद्या नवरीले घेऊनच निंगन हे. तुम्ही दोघं जा एसटीनं!"