सत्तेचाळीस नंबरचा ठसा

शहापूर स्टँडवर मुरबाडच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होती आणि कंपनीच्या निळ्या शर्टातला एक माणूस. एसटी तिच्या शिस्तीप्रमाणे उशिरा होती, म्हणून एवढं ऐकू आलं.

"अजय, तू आमच्या यांच्याच कंपनीत ना? हा कागद तिथनंच आलाय, इचारायला मुरबाडला कंपनीतच चाललेय. वाच रे. दुखवट्याचा असंल."

"नाय काकी, नोटीस हाय. यमाजीकाकांच्या नावानं. 'तुमचा सत्तेचाळीस नंबरचा ठसा असलेला पार्ट खराब निघाला. सात दिवसांत खुलासा द्या.'"

"ठसा म्हंजे तो पोलादी? पार्ट झाला की हातोडीनं ठोकायचे तो?"

"तोच. ज्यानं पार्ट केला त्याचा नंबर."

"अरे, त्यांना जाऊन चार महिने झाले! खुलासा द्यायला वरनं येनार का?"

"कंप्युटरात नाव बदललं नाय त्यांनी."

"वीस वर्सांत त्यांचा एक पार्ट परत आला नाय. आज सायबालाच सांगते, कुनी ठोकला तो शोध."

"काकी..."

"काय रे?"

"तो ठसा आता माझ्याकडं हाय. पार्ट माझ्याच हातचा."

"सायबाला बोललास?"

"नाय. मी कंत्राटी. बोललो का उद्यापासून घरी. बायकोला सातवा महिना लागलाय."

बाईंनी कागद घेतला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"पेन हाय?"

"हाय."

"मग लिव, 'चूक झाली.' खाली त्यांचं नाव घाल आनि तूच नेऊन दे."

"काकी, काकांचं नाव..."

"त्यांना आता कुठनं काढतील?"

मुरबाडची गाडी लागली. बाई चढल्या नाहीत.