पुलाच्या अलीकडे

बाई : ऐक गं पोरी, तो रंगीत नखांचा फळा आधी बाजूला ठेव. तुला एक गोष्ट सांगते. ती ऐकलीस की माझ्या नखांचं काय करायचं ते तुझं तूच सांगशील.

पार्लरवाली : सांगा ना मावशी, पण हात तेवढे इकडे द्या. असे, टॉवेलवर. अगं बाई! हे काय करून घेतलंत?

बाई : मी काय करून घेतलं? त्यांचीच ती थेरं. पापुद्रे निघतात कांद्यासारखे. लोकरीला अडकतात, उशीला अडकतात. काल पिशवीची गाठ सोडायला गेले, तर गाठ तशीच आणि नख अर्धं.

पार्लरवाली : पाण्यात फार हात असतात का?

बाई : जन्म गेला पाण्यात. बाटल्या धुवायचा कारखाना होता. सोड्याच्या पाण्यात बाटली बुडवायची आणि वरचा कागद नखानं सोलायचा. तेव्हा काय नखं होती म्हणतेस! चाकूनं लाजावं. काम सुटलं, हातांना जरा आराम मिळाला, तर या नखांनी मान टाकली.

ड्रायव्हर : गोष्ट माझी सांगणार होतीस ना? मग मध्येच बाटल्या कुठून निघाल्या?

पार्लरवाली : काका, तुम्ही त्या दाराजवळच्या खुर्चीत बसा हं. खरं म्हणजे इथे पुरुषांना...

ड्रायव्हर : पाटी आहे बाहेर. पाहिली. पण मला वाचता येत नाही.

बाई : बघा! मैलाचे दगड बरे वाचता यायचे.

ड्रायव्हर : आकडे वाचायचो. अक्षरं क्लीनरकडे असायची.

पार्लरवाली : कोण क्लीनर?

ड्रायव्हर : ही काय, तुझ्यापुढे हात पसरून बसलीय.

बाई : ऐकलंस? आख्ख्या जगाला मी बायको म्हणून माहीत, आणि यांना क्लीनर म्हणून. बरं, लवकर आटप हं पोरी. यांना घरी एकटं ठेवता येत नाही आणि बाहेर फार वेळ बसवत नाही. तर गोष्ट. एक होता ट्रक ड्रायव्हर.

ड्रायव्हर : होता? आहे की अजून.

बाई : गोष्टीत होताच म्हणतात. गप बसा. तर होता. आडदांड, आवाज हॉर्नसारखा, आणि मनानं असा, की रस्त्यात मांजर आडवं बसलं तर गाडी थांबवून खाली उतरेल आणि मांजराशी बोलत बसेल. लग्नाला चार दिवस नाही झाले तोच याचा क्लीनर पळाला. गाडी भरून उभी. हा दारात आला आणि बायकोला म्हणाला, येतेस का? बिचारीला वाटलं, नवरा फिरायला नेतोय. चांगलीचुंगली नटून निघाली. केबिनमध्ये चढली तर यानं मांडीवर काय ठेवावं? पान्या-हातोड्यांची पिशवी!

पार्लरवाली : अय्या! मग?

बाई : मग काय, बसली पिशवी घेऊन. टायरवर हातोडी मारून आवाज ऐकायला शिकली. मागं बघून 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडायला शिकली. पण खरं काम वेगळंच. हा रात्रीचा गाडी चालवायचा, आणि बायकोनं याला झोपू द्यायचं नाही. डोळा मिटायला लागला की दंडाला चिमटा. नखांनी.

ड्रायव्हर : वण आहेत अजून. दाखवू का?

बाई : नका दाखवू, पार्लर आहे ते. तर असा त्यांचा संसार. पुढे कारखान्यात चिकटली म्हणून ती गाडीवरून उतरली. हा मात्र चालवतच राहिला, केस पिकेपर्यंत. आणि मग एक दिवस गाडी चालवणं सुटलं. आता तू सांग, जन्मभर रात्री जागलेल्या माणसाला, चल बाबा, झोप आता, म्हटलं तर झोप येते होय?

पार्लरवाली : नाही येत. माझी आईपण नाइट ड्युटी करायची ना. सुट्टीच्या रात्री भूत होऊन घरभर फिरायची.

बाई : तेच गं, तेच. हा फिरायचा. खिडकी उघड, खिडकी लाव. लांबून एखादी गाडी गेली की कान टवकारायचा, 'दुसरा गिअर पडत नाहीये तिचा' म्हणायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी एका रात्री बायको वैतागली आणि म्हणाली, पालथे पडा. पाठ द्या इकडे. आणि नखानं पाठीवर रस्ता काढायला लागली.

पार्लरवाली : रस्ता?

ड्रायव्हर : जुना रस्ता. आम्ही दोघं जायचो तो.

बाई : मान म्हणजे डेपोचं फाटक. तिथून निघायचं. उजव्या खांद्यावर टेकडी, ती हळू चढायची, गाडी भरलेली असते. मग पाठीच्या कण्यावरून सरळ रस्ता, दोन्ही बाजूला उंच झाडं. कमरेशी नदी. नदीवर पूल. पुलापलीकडे घर.

पार्लरवाली : आणि झोपायचे?

बाई : पूल बघितला नाही कधी! झाडं संपायच्या आत घोरायला लागायचा. इतकी वर्षं रोज निघतोय, पण पुलाच्या अलीकडेच गाडी थांबते याची. बायकोपण तिथेच हात ठेवून झोपायची.

ड्रायव्हर : आता काय झालंय, हिच्या बोटांना धार नाही राहिली. नुसतं गुळगुळीत फिरतं. रस्ता कळतच नाही मला. धुक्यात चालवल्यासारखं.

पार्लरवाली : हां, म्हणजे नखं दिसायला नाही, कामाला हवीत. मग मावशी, तीन गोष्टी करता येतील. एक, वरून नवीन नख लावायचं, ॲक्रिलिकचं. आजच्या आज लांब, दगडासारखं कडक. दोन, तुमच्याच नखावर जेलचा थर द्यायचा, म्हणजे तुटणार नाही. आणि तीन, काही लावायचं नाही. कापून अगदी आखूड करायची, कोमट तेलात बोटं ठेवायची, आणि मजबुतीचं एक औषधी पॉलिश. दर आठवड्याला यायचं.

बाई : आज लांब होतात म्हणतेस ना, मग तेच लाव.

पार्लरवाली : थांबा, आधी एकाच बोटाला नुसतं चिकटवून बघू. झालं. काका, जरा हात पुढे करता? मावशी, फिरवा बघू.

बाई : हं. हा घ्या रस्ता. हे फाटक, ही टेकडी...

ड्रायव्हर : कोण आहे हे?

बाई : मीच आहे. दुसरं कोण असणार?

ड्रायव्हर : नाही बुवा. चमच्यानं खरवडल्यासारखं वाटतंय. हा ड्रायव्हर कुठला तरी भलताच आहे. काढ ते.

पार्लरवाली : कळलं. जाड असतं ना ते. मावशी, तुम्हाला बोटाखाली काही लागलं का?

बाई : काहीच नाही. हातमोजा घालून हात फिरवावा तसं. आणि बोटाला ओढ बसतेय.

पार्लरवाली : बसणारच. खालचं नख तुमचं मुळातच कमजोर. वरचं कशात अडकलं की खालचंही घेऊन येईल. निघालं बघा, झालं. आता जेलचं सांगते...

बाई : थांब जरा. अहो, ती कोपऱ्यावर रिक्षा उभी असते ना, ती आहे का बघून या बरं. लांब जाऊ नका. दारातूनच बघा.

ड्रायव्हर : आत्ताच आलो आणि आत्ताच रिक्षा?

बाई : बघा तरी.

ड्रायव्हर : बघतो, बघतो. क्लीनरचा हुकूम.

बाई : गेले का? पोरी, मुद्दाम पाठवलं. परवाची गोष्ट सांगायचीय. परवा रात्री मी अशीच बोटं फिरवत होते, बोथट. हे जागेच. झाडं संपली, जागे. नदी आली, जागे. पूल आला. माझा हात पुलावर थांबला, पण हे म्हणाले, जाऊ दे पुढं. गेले. पूल ओलांडला. घर आलं. आजवर कधी नाही, ते घर आलं गं.

पार्लरवाली : मग?

बाई : एवढे शांत झाले एकदम. म्हणाले, बघ, दाराशी दिवा लावलाय कुणी तरी. पोचलो. आता उतरू का मी?

पार्लरवाली : उतरू का? म्हणजे?

बाई : यांचं हृदय दमलंय, पोरी. डॉक्टर म्हणतात, झोप मिळाली तर अजून चालेल. आणि हे मला विचारतात, उतरू का. म्हटलं, नाही, उतरायचं नाही! गाडी मागं घ्या. आणि 'येऊ द्या, येऊ द्या' करत पूल उलटा पार केला, झाडं उलटी, टेकडी उलटी, फाटकापर्यंत आणून सोडलं. पहाट झाली. मला हसूही येत होतं आणि रडूही.

पार्लरवाली : हात द्या इकडे मावशी. धरते मी.

बाई : म्हणून नखं हवीत मला. पुलाच्या अलीकडे झोपले पाहिजेत हे. रोज.

ड्रायव्हर : रिक्षा नाही कुठं. एक कुत्रं बसलंय तिच्या जागेवर.

बाई : त्याच्याशी बोललात ना?

ड्रायव्हर : थोडंसं.

बाई : बसा मग. हं, जेलचं काय म्हणत होतीस?

पार्लरवाली : खरं सांगू? जेल दिसेल छान. पण लावताना वरून घासावं लागतं, काढताना पुन्हा घासावं लागतं. एवढ्या पातळ नखाचा पार कागद होईल. दुकानाचा फायदा सांगायचा तर जेल. तुम्हाला सांगायचं तर तेल.

बाई : आणि तेलानं वाढायला किती दिवस लागतील?

पार्लरवाली : नख सावकाश वाढतं मावशी, रोज बघितलं तर वाढतच नाही. टोकाला धार यायला दोनेक महिने तरी. पण येईल ते तुमचं असेल.

बाई : दोन महिने! आणि तोवर यांना कुठनं नेऊ मी? आहे तेवढंही कापायचं म्हणतेस, मग रात्री काय नुसती बोटं चोळत बसू?

पार्लरवाली : न कापता राहिलं तर फाटत मागं जातं. मासापर्यंत. मग काहीच उरत नाही.

बाई : अहो, ऐकताय ना? कापू म्हणते ही. बोला काही तरी.

ड्रायव्हर : मी काय बोलू? टायर फाटलं तर आपण त्यावर रंग मारून गाडी नाही पळवत. उभी करायची आणि नीट करायची. तोवर मी जागा राहतो की. सवय आहे.

बाई : सवय आहे म्हणे. काप बाई. काप, पण माझ्याकडे बघू नकोस.

पार्लरवाली : डोळे मिटा. हे करंगळीचं... हे मधल्या बोटाचं... झालं एका हाताचं. एकाच दिशेनं घासतेय, म्हणजे पापुद्रे सुटायचे नाहीत. आता बोटं या वाटीत. कोमट आहे ना?

बाई : आहा. हे काय घातलंयस यात?

पार्लरवाली : नुसतं बदामाचं तेल. हात सैल सोडा. जड होऊ द्या. पाण्यात ठेवलंच नाही मुद्दाम, पाणी पुरे झालं तुमच्या हातांना.

बाई : बोटं वितळतील की काय असं वाटतंय गं.

पार्लरवाली : नाही वितळत. मावशी, तो रस्ता सांगा ना मला. तेवढाच वेळ जाईल. फाटकातून निघालो की कुठं?

बाई : सांगते. फाटकाशी एक म्हातारा पहारेकरी. कंदील हलवायचा.

ड्रायव्हर : कंदील नाही, बॅटरी.

बाई : बॅटरी. लाल कागद लावलेली. तिथनं डावीकडे वळायचं. भिंतीला लागून बंद दुकानं, एका दुकानाचं शटर अर्धंच लागायचं, आत एक माणूस घड्याळं दुरुस्त करत बसलेला. रोज. कधी निजत होता कोण जाणे.

ड्रायव्हर : हात करायचा तो आपल्याला.

बाई : करायचा. मग टेकडी. पहिला गिअर. गाडी अशी कण्हायची, जणू म्हातारी जिना चढतेय. वर पोचलं की खाली सगळं गाव दिव्यांचं, आणि वारा. केबिनमध्ये वाऱ्याबरोबर ओल्या गवताचा वास यायचा.

पार्लरवाली : गवताचा?

ड्रायव्हर : गवत नाही गं. लाकडाची वखार होती... भुसा. ओला भुसा.

बाई : बरं, भुसा. वखार गेली की उतार. उतारावर इंजिनाचा आवाज बसायचा, सगळं हलकं व्हायचं. बायको खिडकीतनं हात बाहेर काढायची आणि वारा मुठीत धरायची. हा म्हणायचा, हात आत घे.

ड्रायव्हर : घे ना... आत...

बाई : घेतला. मग झाडं. उंच, सरळ, दोन्ही अंगानं. दिवे पडले की एकेक झाड पुढं यायचं, पांढरं व्हायचं, आणि मागं जायचं. पुन्हा एक. पुन्हा एक. शेवटच्या झाडाला कुणी तरी निळा पट्टा मारला होता. निळाच होता ना हो? की हिरवा?

(खुर्चीतून उत्तर येत नाही.)

पार्लरवाली : मावशी... काका बघा.

बाई : मान कशी पडलीय?

पार्लरवाली : खांद्यावर. तोंड उघडं आहे थोडं. श्वास चांगला चाललाय, पोट हलतंय. घोरतायत हळूच.

बाई : खरंच?

पार्लरवाली : खरंच. वाटीतला हात काढू का? दुसरा घ्यायचाय. मघाशी तुम्ही लवकर आटप म्हणाला होतात.

बाई : दुसरा घे. पण सावकाश घे हं, पोरी. आणि तू विचारत राहा मला, पुढं काय, पुढं काय म्हणून. पूल यायचाय अजून.