आई गेल्यावर सुधीर बोलला

तुम्ही म्हणता, मी धाकट्या भावाचं खूप केलं. मग आई गेली तेव्हाचं ऐका. सुधीरला जन्मापासून ऐकू येत नाही, पण त्याची खुणांची भाषा घरात कोणी शिकलंच नाही. तो पुण्याला कामावर होता. मी मोबाईलवर एवढंच टाकलं, "आई गेली, ये."

तिसऱ्या दिवशी त्याच्या कर्णबधिर शाळेतले मित्र लालबागला आमच्या खोलीवर आले. तोवर गप्प बसलेला सुधीर त्यांना बघताच रडत रडत भराभर हातांनी बोलायला लागला. एका मित्राच्या मुलीला ऐकू यायचं. तिला विचारलं, "काय म्हणतोय गं?"

"काका, ते विचारतायत, आईला झालं काय होतं? त्यांना कोणी सांगितलंच नाही म्हणे."

मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. कॅन्सरची खूण कशी करतात, तेही त्या पोरीलाच विचारावं लागलं.