तीन भाषांतलं दुकान

दातांच्या दवाखान्यात आजोबांचा नंबर सातवा होता. शेजारी गाद्यांचे दुकानदार आणि त्यांची भाची एकाच फोनमध्ये डोकं घालून बसले होते.

"मामा, वेबसाइट तीन भाषांत झाली. पण दुकान कोणी उभारलं, याची उत्तरंही तीन?"

"मग? आपल्या भाषेत माझ्या वडिलांनी. सासूबाईंच्या भाषेत सासऱ्यांनी."

"आणि इंग्रजीत?"

"इंग्रजीत मी."

"अहो, वर भाषा बदलायचं बटण आहे. दाबलं की तेच पान दुसऱ्या भाषेत उघडतं."

"कोणालाही?"

"कोणालाही."

"मग काढून टाक ते बटण! आत सासूबाईंचा दात निघतोय. बाहेर आल्या की आधी वेबसाइट बघणार. आणि त्यांना तिन्ही भाषा येतात!"

"बटण काढून कसं चालेल? त्यापेक्षा एकदाच खरं लिहू. दुकान उभारलं कोणी?"

"तुझ्या मामीने."

"मग मामी कुठेच कशी नाही?"

"ती कधी काही म्हणाली नाही ना."

"लिहून टाका हो," आजोबा मध्येच बोलले. "आमची हीसुद्धा कधी म्हणाली नाही. राहूनच गेलं."

भाचीने तिन्ही पानांवर मामीचं नाव घालून ती साठवली, तेवढ्यात दार उघडलं. गालात कापूस कोंबलेल्या सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी फोन ओढून घेतला, बटण तीनदा दाबलं आणि जावयाकडे रोखून पाहिलं.

"तासभर बोलायचं नाही हं!" आतून डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी कापूस बाहेर काढला.

"फोटो कुठाय तिचा?"